सोमवार धरणारे मासे

पेडण्याच्या बाजारात मासे कापून देणाऱ्या बायका बसतात, त्यांच्या पाठीमागे रोज सकाळी एक उंच, वाळका माणूस हात मागे बांधून उभा असायचा. अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी लांब दांड्याचा स्टीलचा चमचा. आमच्याकडे चमच्याला कुलेर म्हणतात. गिऱ्हाइकानं मासा पसंत केला, बाईनं तो साफ करायला घेतला, की हा माणूस दबा धरून असायचा. ती आतडी टोपलीत टाकणार एवढ्यात पुढे वाकून म्हणायचा, "बाय, तें माका दी."

नवीन गिऱ्हाईक असलं तर दोन पावलं मागेच सरायचं. बायका मात्र सरावल्या होत्या. "घे बाबा, घे तुजो प्रसाद," म्हणत त्या पानावर आतडी टाकायच्या. तो ती खिशातल्या ब्लेडनं उभी चिरायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि निकाल सांगायचा. "कागद जालो गो. निव्वळ कागद." म्हणजे आतडं पातळ पडलंय, मासा उपाशी किंवा आजारी होता. किंवा मग चेहरा फुलायचा. "पळय, पळय, कितलें बरें पोट!" जणू गिऱ्हाइकानं आतडी खायलाच मासा घेतला होता. एवढं करून स्वतः मासा न घेता तो घरी परतायचा.

घर म्हणजे आमचंच. आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. मी आणि माझी आते त्यांना भाई म्हणायचो, बाकी गाव गुळीबाब म्हणायचा, गुळी म्हणजे गोळी. कारण आयुष्यभर त्यांनी साखळी गावात औषधांचं दुकान चालवलं होतं.

साखळीत खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. ट्रकचे ड्रायव्हर धूळ खात दिवसभर धावायचे, अवेळी जेवायचे, आणि पोट धरून भाईंच्या दुकानात यायचे. भाई गोळी द्यायचे. जळजळली की गोळी, जुलाब झाले की गोळी, झाले नाहीत तरी गोळी. "आणि येक तांका, येक माका," असं ते स्वतःच सांगायचे. दुकानदारालाही पोट असतं, आणि गोळ्या तर हाताशीच. शेवटी एके दिवशी त्यांचंच पोट बंद पडलं आणि डॉक्टरांनी आतड्याचा बराचसा भाग कापून काढला. बायको आधीच गेली होती. मुलगी पणजीला. तिच्या फ्लॅटमध्ये जीव रमेना, म्हणून मोकळ्या हवेला ते आमच्या खाडीकाठी आले.

ऑपरेशननंतर भाईंनी मासा खाल्ला नव्हता. हे वाक्य मी किती सहज लिहिलं! गोव्याच्या माणसाला विचारा याचा अर्थ काय ते. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, रात्री परत पेज, तीही कुलेरीनं, घड्याळात बघून. भूक अशी त्यांना लागतच नव्हती. दुपारी आते हुमण, म्हणजे माशाचं कालवण करायची, तेव्हा वास अंगणभर पसरायचा आणि भाई आपल्या दारातली खुर्ची उचलून आमच्या स्वयंपाकघराच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली आणून ठेवायचे. बसायचे. नुसते बसायचे. मला ते बघवत नसे. आते तर जनेल लावून घ्यायची, मग तिलाच वाईट वाटायचं आणि परत उघडायची.

"डॉक्टर खाऊ नका म्हणाले का?" मी एकदा विचारलं.

"ना गो. डॉक्टर म्हणालो, पोट मागतलें त्या दिसा खा. मागले बगर खाऊ नाका." आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, "हें अजून मागना."

भाई त्याच दिवसाची वाट बघत होते. भेटेल त्याला "बरं आहे ना?" असं न विचारता ते "भूक लागता मरे?" असं का विचारायचे, तेही मला तेव्हा कळलं.

आता माझ्या तळ्याबद्दल सांगते. आमची खाजण जमीन, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेलं शेत. त्यात वडिलांनी एका बाजूला तळं खणलं होतं. वडील गेले, भाऊ बोटीवर. मी मांद्र्याच्या एका गेस्टहाउसात रिसेप्शनला होते. रोज पाहुण्यांना हसून 'वेलकम' म्हणून गाल दुखायला लागले, तेव्हा नोकरी सोडली आणि तळ्यात काळुंदरं सोडली. काळुंदर म्हणजे आमच्या खाडीतला चपटा, काळपट, चवीला राजा मासा. आते म्हणाली, "शिकान सवरान मासे राखतलंस?" मी म्हटलं, "हो, माणसं राखून झाली."

पहिल्या काही महिन्यांतच माझी फजिती सुरू झाली. मासे खायचे भरपूर, वाढायचे नाहीत. कंपनीचा माणूस दर आठवड्याला स्कूटरवरून यायचा. कोल्हापूरकडचा, बोलायला गोड, तसा सज्जनच. त्यानं सांगितलं, "ताई, खाद्य खाऊन उपयोग नाही, अंगी लागलं पाहिजे. आतडी सुधारली पाहिजेत." खाद्यात मिसळायला त्यानं वाढीची पावडर दिली, लिव्हरचं टॉनिक दिलं, आणि एक पाकीट चांगल्या जंतूंचं, जे माशाच्या पोटात जाऊन पचन सुधारतात म्हणे.

जनेलाखालचे भाई 'आतडी' हा शब्द ऐकून उठून आले.

पाकीट हातात घेतलं. वास घेतला. कुलेर काढली, टोकावर चिमूटभर घेतलं आणि थेट तोंडात. कंपनीचा माणूस हबकला. "काका, ते माशांचं आहे!"

"ह्यांत जितें जंतू आसात न्हय?"

"हो काका, कोट्यवधी."

"आणि तू तें स्कूटराच्या सीटीर घेवन उन्हांतल्यान आयलो?" भाईंनी पाकिटाला हात लावून त्याची ऊब दाखवली. "मेले रे सगळे. हें माशांक घालचें परस तांचें तेरावें घाल."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. तो बिचारा मात्र खरंच पुढच्या आठवड्यापासून बर्फाच्या डब्यात पाकिटं घेऊन यायला लागला. भाईंनी ती चाखली आणि "हे जिते" म्हणून पास केली. तेव्हापासून नियमच झाला: तळ्यात जे काही जाईल ते आधी भाईंच्या जिभेवर जाईल. खाद्याचे दाणे तर ते बिस्किटासारखे चघळायचे. कोंदट लागले तर अख्खं पोतं परत. "जें हांव खावंक शकना, तें तांकां घालूंक ना," असं म्हणायचे. मला वाटायचं, हा म्हातारा एक दिवस माशासारखा पाण्यात उडी मारणार.

हळूहळू तळं त्यांनी कधी ताब्यात घेतलं ते मला कळलंच नाही. आमच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीत अजून माडाच्या सुरेनं आंबवलेल्या पिठाच्या पोयो, म्हणजे कोंड्याचे गोल पाव होतात. भाई त्याच्याकडून त्या आंबवणाचा गोळा मागून आणायचे, भाताच्या कोंड्यात कालवायचे, मडकं फडक्यानं बांधून माझ्या न्हाणीघरात ठेवायचे. अंघोळीला गेलं की दारूच्या गुत्त्यात गेल्यासारखं वाटायचं. तो आंबट कोंडा, थोडी ठेचलेली लसूण, हळद, आणि चिकटायला नाचणीची पेज असं सगळं दाण्यांना चोळून सावलीत वाळवायचे. "तुमच्या या पदार्थाला काय म्हणायचं?" मी विचारलं. म्हणाले, "लोणचें. जेवणाक रुच येवंक जाय न्हय?"

मासे जेवायला यायचे ते कुलेरीच्या आवाजाला. भाई बांधावर बसून पत्र्याच्या डब्यावर कुलेरीनं टकटक करायचे की पाणी काळं व्हायचं. मग दोरीला बांधलेलं ताट तळ्यात सोडायचं, थोड्या वेळानं वर ओढायचं आणि ताटात काय उरलंय ते बघायचं. त्यावर उद्याचं खाद्य ठरायचं. मी म्हणायचे, जास्त घाला, लवकर वाढतील. भाई म्हणायचे, "मासो खाता म्हणून बरो न्हय. भुकेलो जाता म्हणून बरो."

याच विचारातून त्यांचं सोमवारचं खूळ निघालं.

आठवड्यातून एक दिवस माशांना काही घालायचं नाही, पोटाला विसावा द्यायचा. मला पटलं, पण खाद्य घालणाऱ्या आतेला पटेना. कोणाला उपाशी ठेवणं म्हणजे तिला पाप. भाई तिला आतड्याच्या सुरकुत्यांबद्दल, चांगल्या जंतूंबद्दल सांगायला गेले, तर ती "जेवच्या वेळार आंतडीं नाका" म्हणून उठली. पुढच्या उपासाच्या दिवशी परत लपून मूठभर दाणे टाकताना सापडली. तेव्हा भाईंनी डोकं लढवलं. गंभीर चेहरा करून आतेला म्हणाले, "आमी सोमवारी मासे खायना. मगे माशांनीय सोमवार धरूंक नाका?"

आतेला हे एका फटक्यात पटलं. तिचा चेहराच बदलला. सोमवारी तळ्याकडे जाताना ती चपला काढायला लागली. मला भाईंचा हेवा वाटला, कारण माझं म्हणणं तिनं जन्मात असं ऐकलं नव्हतं. "कशी मात केली," म्हणून भाई दिवसभर खूश होते.

मासे मात्र खरंच सुधारले. मंगळवारी सकाळी डब्यावर टकटक झाली की असे तुटून पडायचे! अंगानं भरले, पाठी रुंद झाल्या. चतुर्थीनंतर मांद्र्याच्या दोन-तीन खानावळींना मासे द्यायचं मी ठरवूनही टाकलं. श्रावणभर आणि गणपतीपर्यंत आमच्याकडे घरोघरी मासळी बंद असते, आणि गणपती पोचवले की दुसऱ्या दिवशी अख्खा गोवा मासळीवर तुटून पडतो. तो दिवस मला गाठायचा होता. तो गाठला तर तळं चालणार होतं, नाहीतर परत मांद्र्याला जाऊन 'वेलकम'.

आणि भाईंनी त्यात आपलंही एक घालून ठेवलं होतं. "पयली काळुंदर माका," ते म्हणाले. "खाईन म्हणून सांगना. पण माझ्या पोटान मागली तर ह्याच तळ्यांतली. हिच्या पोटांत किदें किदें गेलां तें सगळें माका खबर आसा."

मध्ये एक प्रसंग झाला, तो सांगायला हवा. भाईंची दाढ दुखली. जुनी सवय, डॉक्टरला न विचारता त्यांनी आपल्या ट्रंकेतल्या जंतुनाशक कॅप्सूल घेतल्या. त्यांच्या तुटपुंज्या आतड्याला ते सोसलं नाही. असे जुलाब लागले की शेजाऱ्याच्या रिक्षातून त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, मी त्यांची मुलगी आहे समजून. "परत हे औषध पोटात गेलं तर माझ्याकडे आणू नका," म्हणाले. भाई परत आले ते काठीसारखे होऊन. त्यानंतर तपासण्यांसाठी श्रावणात ते मुलीकडे पणजीला गेले. जाताना बांधावर उभे राहून आतेला बजावलं, "सोमवार चुकूंक फावना हां."

"तुमी भियेव नाकात," आते म्हणाली.

भाई परतले ते एका मंगळवारी सकाळी. पिशवी खोलीत न ठेवता आधी तळ्यावर. मी मागून गेले. त्यांनी डबा घेतला, कुलेरीनं टकटक केली.

पाणी हललं नाही.

परत टकटक. चार-दोन मासे आले, तेही सुस्त, पोटं फुगलेली, मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबकळतेय. कडेला गवतात काही मरून तरंगत होते. मी आदल्या आठवड्यापासून बघत होते की खाणं कमी झालंय, पण मला वाटलं पावसाच्या गोड्या पाण्यामुळे असेल.

भाईंनी एक मेलेला मासा उचलला, बांधावर बसले, ब्लेड काढलं. आतडं चिरलं. बराच वेळ बघत राहिले. मग कुलेरीच्या टोकावर काहीतरी घेऊन माझ्यापुढे धरलं.

"हें किदें गो?"

मी बघितलं. चण्याची डाळ होती. आणि एक अर्धवट साबुदाणा.

आते तोवर मागे येऊन उभी राहिली होती. तिनं वाकून बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "तें कालचें मणगणें."

मणगणं म्हणजे आमची चण्याच्या डाळीची, गूळ आणि नारळाच्या रसातली खीर. मी आतेकडे बघतच राहिले. "मणगणं? तळ्यात?"

"मगे? आमी सांजचो सोमवार सोडलों. तांचो कोण सोडतलो?"

झालं होतं ते असं. मासे सोमवार धरतात ही बातमी आतेनं देवळात सांगितली होती. गावातल्या बायकांना केवढं कौतुक! श्रावण लागला, आणि श्रावणी सोमवार संध्याकाळी गोडधोड खाऊन सोडायचा असतो. दिवसभर उपाशी राहिलेल्या त्या मुक्या जिवांचा उपास कुणी सोडवायचा? म्हणून संध्याकाळी वाडीतल्या बायका नैवेद्याच्या वाट्या घेऊन बांधावर यायच्या. मणगणं, साबुदाण्याची खिचडी, तुपातला शिरा, कुणी केळ्याचे हलवे. सोमवारी खाद्य नसल्यानं मी खानावळींच्या कामाला मांद्र्याला असायचे, तळ्यावर कुणीच नसायचं. दिवसभराच्या उपासानं भुकेजलेले मासे त्या तुपागुळावर तुटून पडायचे. आणि हे दर सोमवारी.

मी आतेला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिनंही मला सोडलं नाही. "तुमीच म्हणालात उपास! उपास धरतत ते सोडूक नको?" ती म्हणाली. यात चूक काय ते मला आजही सांगता येणार नाही.

भाई मात्र ओल्या बांधावर तसेच बसून होते. एरवी त्यांना अशा गोष्टीचं हसू आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "हें तिचें न्हय. हें म्हजें. सादें सांगूंक जाय आशिल्लें, हांवें गोड गुळी करून दिली."

दुपारपर्यंत बांधावर माणसं जमली. जो तो सल्ला द्यायला. सगळ्यांचं मत एकच, जंतुनाशक घाल. मी कंपनीच्या माणसाला फोन केला. तो संध्याकाळी पांढऱ्या पावडरीचं पाकीट घेऊन आला. खरं तर त्यानंच सांगितलं, "ताई, याच्यानं मरणं कदाचित थांबेल. पण पुढे काही आठवडे मासा विकता येणार नाही हं. आणि पोटातले चांगले जंतूही यात जातात." मी म्हटलं, "आधी जगू देत." चतुर्थी तशीही हातची जात होती. निदान मासे तरी राहावेत!

मी बालदीत खाद्य घेतलं, पाकीट फोडलं.

"नाका," भाई म्हणाले.

"मग काय करू? बघत बसू?"

"उपास. खरो उपास. सात-आठ दीस कांय नाका. पाणी बदलुया. मगीर थोडो आंबट कोंडो, थोडो, पोटाक कळना असो."

"आणि तोवर मेले तर?"

"कांय मरतले."

मरतले! असं शांतपणे! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "तुमचं काय जातं हो? तुमची आतडी गोळ्यांनी गेली, त्याचा राग माझ्या माशांवर काढू नका! तुम्हाला एक काळुंदर खायची आहे, मला या तळ्यावर जगायचंय!"

भाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता ते उठून खोलीत जातील.

ते उठले. पण खोलीकडे गेले नाहीत. माझ्यासमोर आले, खिशातली कुलेर काढली, पाकिटात बुडवली आणि भरून वर काढली.

"नेम म्हणजे नेम," म्हणाले. "तळ्यांत वचपाचें तें पयलीं हांव चाखतां."

धमकी नव्हती ती. तेच वाईट होतं. दाणे चाखताना असायचा तसाच त्यांचा चेहरा होता, शांत आणि थोडा उत्सुक. मला हॉस्पिटलातला तो डॉक्टर आठवला, रिक्षात माझ्या मांडीवर टेकलेलं त्यांचं हलकं डोकं आठवलं. कुलेर ओठाशी आली होती. मी हाताचा असा फटका मारला की पावडर उडाली, कुलेर उडाली, तळ्यात पडली. त्या झटक्यात पाकीट चिखलात गेलं. मी तिथेच उभी राहून भोकाड पसरलं, एवढ्या माणसांसमोर. भाई माझ्या पाठीवर थोपटत होते.

मग उपासच. दुसरं काही उरलंच नव्हतं.

पण बायकांना आवरायचं कसं? पुढचा सोमवार येतच होता. भाई म्हणाले, आपण देवळात जाऊन खरं काय ते सांगतो, सोमवारची गोष्ट आपणच रचली म्हणून. आते म्हणाली, "तुमी बसा. तुमका सांगूक येयना." ती एकटीच गेली आणि सांगून आली की माशांनी चतुर्थीपर्यंत निर्जळी धरली आहे, कुणी वाटी घेऊन आलं तर व्रतभंगाचं पाप तिच्या माथी. एका शहाणीनं विचारलं, "पाण्यात रवान निर्जळी कशी गो?"

"म्हणूनच तर कठीण," आते म्हणाली.

बांधावर त्यानंतर एक वाटी आली नाही. उलट येणारे-जाणारे लांबून हात जोडायला लागले.

ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. भरतीला आम्ही बांधाची मानस, म्हणजे पाण्याची झडप उघडायचो, ओहोटीला घाण पाणी जाऊ द्यायचो. रोज सकाळी मेलेले मासे उचलायचे. भाई प्रत्येकाचं पोट चिरायचे आणि "कागद" म्हणायचे. एका सकाळी काही बोलले नाहीत, नुसतं आतडं माझ्यापुढे धरलं. आतून किंचित गुलाबी. त्या दिवशी त्यांनी डबा मागितला. कुलेर तर तळ्याच्या तळाशी होती. त्यांनी दगड घेतला आणि डब्यावर टकटक केली.

मासे आले. पाणी काळं झालं असं नाही म्हणत मी, पण आले. भाईंनी आंबट कोंड्याची इवलीशी गोळी टाकली. दोन माशांनी तिच्यासाठी मारामारी केली. "भुकेल्ले," भाई म्हणाले आणि डोळे पुसले. मीही पुसले.

चतुर्थी गेली. गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा गोवा मासे घेत होता आणि मी बांधावर बसून बघत होते. खानावळीवाल्यांनी दुसरीकडून घेतले. मला राग आला, रडू आलं, भाईंशी मी दोन दिवस बोलले नाही. पण मासे वाढले. अर्धेच उरले होते, त्यांना जागा मिळाली, दिवाळीनंतर पकडले तेव्हा हाताच्या पंजात मावत नव्हते. मांद्र्याचा एक खानावळवाला बघून म्हणाला, "ह्यांका खावंक किदें घालतंस गो?" आते मागून म्हणाली, "उपास." तळं अजून चालू आहे, आणि सोमवार अजून पाळला जातो.

पहिली काळुंदर भाईंची. तो रविवार होता. आतेनं हुमण केलं, तिखट कमी घालून, तिरफळं मोजकीच. भाई खुर्ची घेऊन जनेलाखाली न बसता त्या दिवशी आत आले, पाटावर बसले. आतेनं भात वाढला, वर माशाचा मऊ मधला तुकडा. कुलेर नव्हती म्हणून त्यांनी हातानं खाल्लं. काट्यातून नखाएवढं मांस सोडवलं, भाताच्या शितात दाबलं आणि तोंडात घेतलं. बराच वेळ चघळत राहिले. मग दुसरा घास, तसाच. आणि थांबले.

"पुरे," म्हणाले.

तुकडा जवळजवळ तसाच राहिला होता. आतेचं तोंड उतरलं. "बरां नाय जालां?"

"बरें जालां गो. म्हजें ताट वर काड. पोट पुरे म्हणता." त्यांनी हात धुतला, आमच्याकडे बघून हसले. खोटं हसणं मला ओळखू येतं, मी गेस्टहाउसात ते विकलं आहे. पोटानं मागितलं नव्हतं. आमचं मन राखायला ते जेवले होते. त्यांनी खोलीत जाऊन दार लावून घेतल्यावर आते त्या तुकड्याकडे बघत बसली. मला इतकं वाईट वाटलं की मीही जेवले नाही. उरलेलं हुमण आतेनं मातीच्या भांड्यात झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पोदेराची सायकल भोंगा वाजवत गेली. आम्ही चहा घेत होतो. तेवढ्यात जनेलाच्या गजावर टकटक झाली. अगदी डब्यावर करायचे तशी.

मी जनेल उघडलं. भाई उभे होते, न अंघोळ केलेले, केस विस्कटलेले, हातात दोन गरम पोयो. घड्याळ हातात नव्हतं. रात्रभर दुखलं की काय, असंच मला पहिल्यांदा वाटलं.

"कालची कोडी आसा?" त्यांनी विचारलं.

कालची कोडी म्हणजे रात्रभर मुरलेलं, सकाळी आटवून घट्ट केलेलं हुमण. पोयोबरोबर खातात. गोव्यात याच्याइतकं चांगलं काही नाही.

"भाई," आते हळूच म्हणाली, "आज सोमवार."

"म्हाका खबर आसा." ते गजाला धरून उभे होते. पोटावर हात होता. शाळेतून पळत आलेल्या मुलासारखा त्यांना दम लागला होता. "मासे धरतले. पळय, हांव रातीसावन वाट पळयतां, म्हटलें जायत, सरतली. पण सरना. गो बाय, माका भूक लागल्या."

मी आतेकडे बघितलं. जन्मात सोमवारी मासळीच्या भांड्याला हात न लावलेली माझी आते उठली, झाकण काढलं, आणि कालची कोडी गॅसवर ठेवली.